गरम इंजिन पुन्हा चालू होत नाही : फ्युएल प्रेशर सोलेनॉइड बदलून फरक पडतो का?

जुनीगाडी

नमस्कार मंडळी. माझी १९९४ ची पेट्रोल गाडी आहे. चार सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन, उरलेलं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. सकाळी थंड असताना चालू होते. तासभर चालवून बंद केली आणि पाच मिनिटांत पुन्हा सेल्फ मारला तरी चालू होते. पण वीस-पंचवीस मिनिटं उभी राहिली की अडून बसते. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. दहा-बारा सेकंदांनी एखादं सिलिंडर पेटतं, मग गाडी थरथरत, मिसिंग करत कशीबशी चालू राहते. दोन-तीन मिनिटं गेली की एकदम सुरळीत. दोन तास थांबून पाहिलं तर मुळीच त्रास नाही.

प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, पेट्रोल फिल्टर, सगळं बदलून झालं. दोन ठिकाणी दाखवली. दोन्हीकडे रात्रभर ठेवून सकाळी तपासली आणि दोष सापडत नाही म्हणून परत दिली.

काल सर्व्हिस मॅन्युअल चाळताना व्हॅक्यूमच्या नळ्यांच्या आकृतीत एक फ्युएल प्रेशर सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा छोटा व्हॉल्व्ह) दिसला. इंजिन गरम असताना चालू केलं तर तो पेट्रोलचा दाब वाढवतो असं लिहिलंय. हाच मेला असेल का? कोणी बदललाय का? पार्ट मागवण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

सायलेन्सर

पंप बदला, विषय संपला. गरम झाल्यावर पंपच दगा देतात.

नटबोल्ट

सायलेन्सर, थोडं थांबा. पंप दमला असता तर गाडी चढावर आणि भरधाव असताना अडखळली असती. यांची तक्रार फक्त उभी राहिल्यानंतरची आहे.

जुनीगाडी, तुम्ही लक्षणं नेमकी सांगितली आहेत, त्यामुळे सांगायला सोपं जातंय. इंजिन बंद केलं की पाण्याचा पंप थांबतो, रेडिएटरमधून येणारा वाराही थांबतो. पण ब्लॉकमधली उष्णता जाणार कुठे? ती वर चढते. म्हणून बंद केल्यानंतरची पंधरा ते तीस मिनिटं बोनेटखाली सगळ्यात जास्त ताव असतो. इंजेक्टरांची रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी, नेमकी त्या तावात. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले हलके भाग ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. रेलमध्ये दाब असेल तर पेट्रोल द्रवच राहतं, दाब गेला की वाफ होते. कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही ना, तसंच. इंजेक्टर उघडला आणि पेट्रोलाऐवजी वाफ आली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि मिसिंग सुरू.

आता सोलेनॉइडचं काम. रेलच्या टोकाला प्रेशर रेग्युलेटर असतो, त्याला इन्टेक मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूमची बारीक नळी येते. इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक कायम ठेवणं हे रेग्युलेटरचं काम. हा फरक ३ बारचा (बार हे दाबाचं माप) असेल तर आयडलला व्हॅक्यूममुळे रेलवरचा गेज २.५ च्या आसपास दाखवतो. सोलेनॉइड या नळीच्या मधोमध बसवलेला असतो. कूलंट आणि आत येणारी हवा दोन्ही फार गरम आहेत असं ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, दिसलं की तो सोलेनॉइडला करंट देतो. सोलेनॉइड मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम अडवतो आणि रेग्युलेटरला बाहेरची हवा दाखवतो. रेलचा दाब तेवढाच चढून ३ बार होतो, वाफ दबते. दोन-एक मिनिटांनी ताजं, थंड पेट्रोल फिरलं की ईसीयू करंट काढून घेतो.

टोयोटाच्या २२आर-ई आणि ३एस-जीटीई इंजिनांवर हा आहे, तिथे याला फ्युएल प्रेशर अप म्हणतात. मित्सुबिशीच्या ४जी६३ टर्बोवर आहे. निस्सानच्या काही गाड्यांत पीआरव्हीआर सोलेनॉइड नावाने सापडतो. नाव वेगळं, काम एकच.

जुनीगाडी

नटबोल्ट काका, इतकं उलगडून कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

सायलेन्सर

माहिती उत्तम आहे, पण मी माझ्या गाडीतला हा सोलेनॉइड सहा वर्षांपूर्वीच काढून टाकला. मॅनिफोल्डमधून थेट रेग्युलेटरला नळी जोडली. आजवर काडीचा त्रास नाही. दोन मिनिटांच्या कामासाठी दोन जोड, एक कनेक्टर आणि गळतीच्या तीन जागा कशाला बाळगायच्या?

मधुरा_क

सायलेन्सर, तुमची गाडी बहुतेक थंड हवेत चालत असेल, नाहीतर गरम असताना ती अर्धा तास उभीच राहत नसेल. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. दहा टक्क्यांच्या आसपास इथेनॉल घातलं की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, म्हणजे वाफ लवकर धरते. १९९४ च्या गाडीत ही सोय दिली होती, तर आज तिची गरज उलट जास्त आहे. जे मुद्दाम बसवलंय ते कळल्याशिवाय काढू नये असं माझं ठाम मत आहे.

पण नटबोल्ट, तुमच्याशीही एका मुद्द्यावर असहमत. सेल्फ फिरत असताना इंजिनचा वेग जेमतेम दोनशे-अडीचशे फेऱ्यांचा. त्या वेळी मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो तरी किती? नावाला. म्हणजे रेग्युलेटर आपसूकच जवळजवळ पूर्ण दाबावर असतो, सोलेनॉइड जिवंत असो वा मेलेला. मग दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो त्याचं खापर सोलेनॉइडवर फोडता येणार नाही. पेटल्यानंतरची थरथर मात्र खुशाल त्याच्या नावावर टाका.

मला या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. जुनीगाडी, एक सांगा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना पूर्वीपेक्षा सेकंदभर जास्त लागतो का? आणि किल्ली ऑन-ऑफ-ऑन अशी तीनदा करून मग सेल्फ मारला तर फरक पडतो का?

नटबोल्ट

मधुराताई, मान्य. हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. सेल्फ फिरताना व्हॅक्यूम नगण्य असतो. बंद असताना रेलमधला दाब टिकतो की नाही, हे वेगळंच तपासायला हवं.

डिझेलभक्त

अवांतर : हीच तक्रार कॉमन रेल डिझेलमध्येही येते, फक्त कारण उलटं. डिझेल तापलं की पातळ होतं. हाय प्रेशर पंप किंवा इंजेक्टर आतून झिजलेले असतील तर पातळ डिझेल त्या फटींतून निसटतं. ईसीयूला किमान दोनशे बारच्या आसपास रेल प्रेशर दिसल्याशिवाय तो इंजेक्टर उघडत नाही, मग सेल्फ नुसता फिरत राहतो. पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला तरी हेच. अनेक जण तो व्हॉल्व्ह बदलून मोकळे होतात आणि खरा दोष इंजेक्टरच्या परतीच्या गळतीत निघतो. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावायच्या. जिच्यात सगळ्यात जास्त डिझेल जमेल तिचा इंजेक्टर गुन्हेगार. हे गरम असतानाच करायचं.

मधुरा_क

डिझेलभक्त, अवांतर कसलं, मुद्द्यालाच धरून आहे. तपासणी गरम असतानाच हवी, पेट्रोल असो की डिझेल.

अकरानंबर

माझा सोलेनॉइडचा अनुभव सांगतो. बदलणं अगदी सोपं आहे, पेट्रोलची लाइन उघडावीच लागत नाही. एक कनेक्टर, दोन नळ्या, एक स्क्रू. पण दोन ठिकाणी माझी फसगत झाली, ती इतर कोणाची होऊ नये.

पहिली, त्याच पट्टीवर शेजारी ईजीआरचा (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड होता. तसाच दिसणारा, कनेक्टरही तसाच. मी दोन दिवस ईजीआरचाच तपासत बसलो होतो. रेग्युलेटरपासून नळी हाताने धरत मागे गेलात तर चूक होणार नाही.

दुसरी, नळ्या उलट्या बसल्या. मॅनिफोल्डची नळी रेग्युलेटरच्या तोंडाला आणि रेग्युलेटरची मॅनिफोल्डच्या तोंडाला. एरवी काही कळत नाही, कारण करंट नसताना हवा आरपार जाते. पण गरम असताना चालू केलं आणि ईसीयूने करंट दिला की मॅनिफोल्ड थेट सोलेनॉइडच्या बारक्या फिल्टरमधून बाहेरची हवा ओढू लागतो. बरोबर दोन मिनिटं आयडल वेडंवाकडं, नंतर आपोआप ठीक. ही हवेची गळती शोधण्यात माझे तीन रविवार गेले. नळ्या काढण्याआधी एकीवर चिकटपट्टी लावून ठेवा.

सायलेन्सर

दिवसाला दोन मिनिटं ड्यूटी आणि त्यातही एवढी नाटकं! पण अकरानंबर, नळ्या उलट बसल्या तर काय होतं हे आज पहिल्यांदाच कळलं.

जुनीगाडी

मधुराताई, तुम्ही विचारलंत म्हणून आज सकाळी घड्याळ लावून पाहिलं. पहिल्या सेल्फला तीन सेकंद लागले. पूर्वी किल्ली फिरवताच चालू व्हायची, हे मला आता आठवतंय. फरक हळूहळू पडत गेला, म्हणून जाणवला नाही. किल्ली ऑन केली की माझा पंप दोन सेकंद गुणगुणतो. तीनदा ऑन-ऑफ करून सेल्फ मारला तर गरम असतानाही चार-पाच सेकंदांत पकडते. थरथर मात्र तशीच.

सोलेनॉइडची कॉइल मोजली, ३८ ओहम. मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसते. म्हणजे सोलेनॉइड ठीक?

मधुरा_क

मोजताना इंजिन गरम होतं की थंड?

जुनीगाडी

थंड. सकाळी मोजली.

मधुरा_क

तर मग अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. अशा कॉइलची तार केसासारखी बारीक असते. तीस वर्षं तापून-निवून ती कुठेतरी तडकते. थंड असताना टोकं एकमेकांना चिकटलेली असतात आणि मीटर छान ३८ दाखवतो. तापून प्रसरण पावली की टोकं सुटतात. गाडी तासभर चालवा, बंद करा, वीस मिनिटं थांबा, मग बोनेट उघडून हात न भाजता मोजा.

नटबोल्ट

मोजण्याआधी एक फुकटची परीक्षा करून पाहा. गाडी गरम करून बंद करा. रेग्युलेटरवरची व्हॅक्यूमची नळी काढा आणि नळीचं तोंड एखाद्या बोल्टने घट्ट बंद करा. रेग्युलेटरची टोटी उघडीच राहू द्या. पंचवीस मिनिटांनी चालू करा. सोलेनॉइडने जे करायचं ते तुम्ही हाताने केलं. थरथर गेली तर एक तर सोलेनॉइड दोषी, नाहीतर त्याला करंटच पोचत नाही.

त्या टोटीतून किंवा नळीतून पेट्रोलचा थेंब आला किंवा वास जरी आला तरी तिथेच थांबा. रेग्युलेटरचा पडदा फाटलाय असा त्याचा अर्थ. ते पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं. मग गाडी वाफेने नाही, पेट्रोल जास्त झाल्याने अडते. ओळखायची खूण म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की गाडी पकडते, कारण तसं केल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो. तसं असेल तर बदल होईपर्यंत गाडी चालवू नका, आगीचा धोका आहे.

अकरानंबर

गेज लावणार असाल तर तेव्हा मात्र पेट्रोलची लाइन उघडावी लागते. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे रेलचा दाब उतरतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा, जोडाभोवती फडकं गुंडाळा, अग्निशामक हाताशी ठेवा. आणि हे थंड इंजिनावरच. गेज लावून झाल्यावर मग गाडी तापवा.

पानाबारा

माझी गाडी २०१२ ची आहे, तीही गरम असताना उशिरा पकडते. रेलवर रेग्युलेटरच सापडत नाही, मग सोलेनॉइड कुठे शोधू?

नटबोल्ट

पानाबारा, तुमची रिटर्नलेस सिस्टिम आहे. रेग्युलेटर टाकीतच पंपाबरोबर असतो आणि दाब कायम साधारण साडेतीन-चार बार. तिथे हा सोलेनॉइड नसतोच, शोधू नका. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा मुळीच हलत नसेल तर आधी क्रँक सेन्सर पाहा. तापल्यावर त्यांचा सिग्नल जातो. काटा हलत असेल तर दाब मोजा.

जुनीगाडी

चार दिवसांनी येतोय, पण हात हलवत नाही.

शनिवारी तासभर गाडी चालवून बंद केली. वीस मिनिटांनी कनेक्टर काढून कॉइल मोजली. मीटरवर काहीच नाही, कॉइल पूर्ण ओपन. प्रोब बदलून बघितले, तेच. तिथेच उभं राहून दर पाच मिनिटांनी मोजत राहिलो. साधारण पन्नास मिनिटांनी आकडा एकदम उगवला, ४३, आणि मग हळूहळू ३८ वर आला. दोन्ही ठिकाणी गाडी रात्रभर ठेवली होती, त्यांना दोष दिसणार कसा!

नटबोल्ट काकांची नळी काढून करायची परीक्षाही केली. थरथर गेली. पेट्रोलचा वास नाही. कनेक्टरवर मीटर लावून गरम चालू केली तर १२ व्होल्ट येतात आणि दोन मिनिटांनी जातात. म्हणजे ईसीयू बिचारा इमानाने आपलं काम करत होता.

नवा सोलेनॉइड बसवला. नळीवर चिकटपट्टी लावली होती, अकरानंबर, धन्यवाद. जुन्या नळ्या टोकाला कडक होऊन चिरल्या होत्या, त्याही बदलल्या. आता गरम असताना पेटली की एकदम स्थिर. पण मधुराताईंचं म्हणणं खरं निघालं. सेल्फ अजूनही आठ-नऊ सेकंद मारावा लागतो.

मधुरा_क

छान काम केलंत! पन्नास मिनिटं मीटर धरून उभं राहणारा माणूस दोष शोधणारच.

आता गेज लावून दाब किती टिकतो ते पाहा. जुन्या मॅन्युअलमध्ये सहसा इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी निदान दीड बार राहायला हवा असं असतं. पडत असेल तर पेट्रोल निसटायच्या तीनच वाटा आहेत. पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. गाडी बंद केल्याबरोबर रिटर्नची रबरी नळी चिमटून धरा. दाब टिकला तर रेग्युलेटर. नाही टिकला तर पुढच्या वेळी येणारी लाइन चिमटा, त्याने टिकला तर पंपाचा व्हॉल्व्ह. दोन्हीने नाही टिकला तर इंजेक्टर. गुळगुळीत जबड्याचा चिमटा वापरा, पक्कड नको, नळी चिरते. कडक झालेल्या नळीला तर हातच लावू नका, आधी ती बदला.

जुनीगाडी

केलं. आयडलला २.५ बार. बंद केल्यावर पाच मिनिटांत ०.४. रिटर्न चिमटली तेव्हा पाच मिनिटांनी २.३ आणि अर्ध्या तासानेही २ च्या वर.

नटबोल्ट

रेग्युलेटर. पडदा शाबूत आहे, आतली सीट गळतेय. बदलताना नव्या ओ-रिंगला आधी पेट्रोलचं बोट लावा, कोरडी दाबली तर चिरते.

जुनीगाडी

कालच रेग्युलेटर बसवला. आज दुपारी उन्हात गाडी तापवली, पंचवीस मिनिटं बोनेट बंद ठेवून उभी केली. किल्ली फिरवली आणि दुसऱ्या सेकंदाला इंजिन चालू, एकही ठोका चुकला नाही. गेज अजून लावलेलाच होता. चालू होताच ३ बार, मी घड्याळ पाहत बसलो. दोन मिनिटं होता होता सोलेनॉइडचा टक्क आवाज आला आणि काटा २.५ वर उतरला. तो आवाज ऐकून फार बरं वाटलं, खरं सांगतो.

सायलेन्सर

अभिनंदन! मी माझा काढलेला सोलेनॉइड डब्यातून शोधून काढलाय. ३६ ओहम दाखवतोय, पण थंड. उद्या गरम करून मोजतो. व्हॅक्यूमची नवी नळी आतून किती मिलिमीटरची घेतलीत?

जुनीगाडी

चार. पेट्रोलच्या वाफेला टिकणारी घ्या, साधी पाण्याची नको.